कणकेच्या कुकीज दगडासारख्या का होतात?

कुकीजच्या कुठल्याही पाककृतीखाली कोणीतरी विचारतंच, "मैद्याऐवजी कणीक चालेल का?" उत्तरही ठरलेलं असतं: "हो, तेवढीच घ्या, बाकी सगळं तसंच." मी हा सल्ला एकदा तंतोतंत पाळला. ओव्हनमध्ये गोळे जसे ठेवले होते तसेच बाहेर आले, जराही न पसरता. गार झाल्यावर एक ताटलीत टाकला तर टणकन वाजला. चावायला गेले तर आधी फुटेचना, आणि फुटला तेव्हा तोंडभर कोरडा भुसा. दोष ओव्हनवर ढकलून मी मोकळी झाले.

बरेच ट्रे वाया गेल्यावर कळलं की त्या सल्ल्याचा पहिला भाग बरोबर आहे आणि दुसरा चूक. कणीक तेवढीच चालते. बाकी सगळं तसंच चालत नाही. हे का, ते समजायला थेट गव्हाच्या दाण्यापासून सुरुवात करावी लागते. वळसा फार लांबचा नाही.

## दाण्याचे तीन भाग

गव्हाच्या दाण्याचं बाहेरचं आवरण म्हणजे कोंडा. दाण्याच्या वजनात त्याचा वाटा साधारण १४ टक्के. एका टोकाला इवलासा अंकुर असतो, ज्यातून नवं रोप फुटतं. तो जेमतेम अडीच टक्के. उरलेला ८० टक्क्यांहून जास्त भाग म्हणजे आतला पांढरा गर, मुख्यतः स्टार्च आणि थोडी प्रथिनं. कोवळ्या रोपाला स्वतःचं अन्न तयार करता येईपर्यंत पुरावी म्हणून बांधून दिलेली ती शिदोरी.

मैदा म्हणजे फक्त हा गर. कणीक म्हणजे तिन्ही भाग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोलरच्या गिरण्या आल्या आणि गर कोंड्यापासून अलगद सोडवून घेणं सोपं झालं. तोवर दगडी जात्यात सगळं एकत्रच भरडलं जायचं आणि पांढरंशुभ्र पीठ हवं तर चाळत बसावं लागायचं.

कणीक आणि मैदा यांच्यातला सगळा फरक या दोन पाहुण्यांमुळे आहे, कोंडा आणि अंकुर. अंकुराचा त्रास पीठ शिळं झाल्यावर जाणवतो, त्याकडे नंतर वळू. कुकी बिघडवतो तो मुख्यतः कोंडा. पण कसा, याबद्दल लोकांचा अंदाज बहुधा चुकतो.

## संशय ग्लुटेनवर जातो

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंतून रबरासारखं जाळं तयार होतं. त्या जाळ्याला ग्लुटेन म्हणतात. इटलीतल्या बोलोन्याचे शास्त्रज्ञ याकोपो बेक्कारी यांनी ते पिठातून वेगळं काढण्याची रीत सांगितली, आणि १७४५ साली ती छापून आली. रीत इतकी साधी आहे की आजही सिंकपाशी करून बघता येते. मैद्याचा घट्ट गोळा मळा, थोडा वेळ ठेवा, मग बारीक धारेखाली चोळत राहा. दुधासारखं पांढरं पाणी वाहून जातं, तो स्टार्च. हातात उरतो च्युइंगमसारखा ताणला जाणारा करडा गोळा. हेच कणकेच्या गोळ्याशी करा. मिळणारं जाळं ठिपकेदार आणि जागोजागी तुटणारं असतं, कारण कोंड्याचे धारदार कण मध्ये अडकलेले असतात. मासे पकडायच्या जाळ्यात काचेचे तुकडे पडावेत तसं.

पाव करणाऱ्याला हे जाळं जीव की प्राण. त्यात हवा धरली जाते, पाव फुगतो. म्हणून कणकेचा पाव मैद्याच्या पावापेक्षा बसका होतो. इथवर सगळे बरोबर सांगतात. गडबड पुढे होते, जेव्हा हेच कारण कुकीला चिकटवलं जातं.

कुकीला मुळात जाळं नकोच असतं. कुकी ताणली जायला नको, दाताखाली विरघळायला हवी. त्यासाठीच तर पिठाला मोहन देतो: पिठाच्या कणांवर चरबीचं पातळ आवरण बसतं, पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही, आणि जाळ्याचे धागे आखूड राहतात. इंग्रजीत अशा स्निग्ध पदार्थांना शॉर्टनिंग म्हणतात, ते यावरूनच. मग कोंड्याने उरलंसुरलं जाळं तोडलं तर बरंच झालं की!

म्हणजे जे कारण पावाला लागू पडतं ते कुकीला पडत नाही. (अर्थात कुकीचं पीठ पावाच्या कणकेसारखं दहा मिनिटं मळत बसलात तर गोष्ट वेगळी. कुकीचं पीठ मळायचंच नसतं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा.)

## खरा मामला पाण्याचा

कुकीच्या पिठात पाणी किती असतं याचा हिशोब एकदा मांडून बघा. समजा २०० ग्रॅम पीठ, १२० ग्रॅम बटर, ११० ग्रॅम साखर आणि एक मोठा चमचा म्हणजे १५ मिली दूध. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, म्हणजे १९ ग्रॅम. दुधातून आलं १३ ग्रॅम. एकूण ३२ ग्रॅम, दोन-अडीच घोट. एवढ्या पाण्यावर साखर, स्टार्च, प्रथिनं असे सगळे टपून बसलेले. उन्हाळ्यात नळाला बारीक धार आणि समोर घागरींची रांग, तसा प्रकार.

मैदा असतो तेव्हा साखरेला बऱ्यापैकी पाणी मिळतं. ओव्हनमध्ये बटर वितळतं (ते ३२ ते ३५ अंशांनाच वितळू लागतं), साखर त्या थोड्या पाण्यात विरघळून पाक होतो, आणि गोळा हळूहळू ढासळून पसरत जातो. मग कडा धरतात, आतलं पाणी उडतं, आणि गार झाल्यावर तो पाक काचेसारखा घट्ट होतो. कुकीचा कुरकुरीतपणा म्हणजे बव्हंशी या साखरेच्या काचेचा कुरकुरीतपणा.

आता त्याच रांगेत कोंडा येऊन उभा राहतो, तोही हंडा घेऊन. कोंड्यातले तंतू आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरू शकतात. शिवाय दगडी चक्कीवर किंवा जात्यावर दाबून, घासून दळलेल्या पिठात स्टार्चचे बरेच कण फुटलेले असतात. साबूत कण आपल्या वजनाच्या निम्म्याहून कमी पाणी शोषतो. फुटलेला दुपटीच्या आसपास. साखरेच्या वाट्याला काही उरत नाही. पाक झाला नाही म्हणून गोळा पसरला नाही, पसरला नाही म्हणून जाड राहिला, आणि जाड राहिला म्हणून आतून वाळेपर्यंत बाहेरून टणक झाला.

पसरण्याचा आणि पाणी शोषण्याचा हा संबंध इतका पक्का आहे की गव्हाचं एखादं वाण बिस्किटांसाठी चांगलं की नाही हे ठरवताना प्रयोगशाळेत चक्क ठरावीक मापाच्या कुकीज भाजून त्यांचा व्यास मोजतात. जास्त पसरली ते पीठ चांगलं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर जास्त दूध घालून भागलं असतं. पण कोंड्याची दुसरी खोड म्हणजे तो सावकाश पितो. नवा कोरा सुती टॉवेल आठवा. पहिल्यांदा पाण्यात टाकला की वरवर तरंगतो, दहा मिनिटांनी बघाल तर जड झालेला असतो. पीठ कालवलं त्या क्षणी कोंड्याने पाणी नीट घेतलेलंच नसतं. त्याचं पिणं चालू राहतं, तेही ओव्हनमध्ये, जिथे पाणी भराभर उडून जात असतं. अर्धवट भिजलेला कोंडा भाजला गेला की तो कडक टोचरा कण होऊन बसतो. तोंडात भुसा लागतो तो हा.

छोटा प्रयोग करायचा असेल तर दोन वाट्या घ्या. एकीत ५० ग्रॅम मैदा, दुसरीत ५० ग्रॅम कणीक, दोन्हींत ३० मिली पाणी. चमच्याने कालवा. मैद्याचा मऊ, जरा चिकट गोळा होतो. कणकेचा गोळा घट्ट, तडे गेलेला, वाटीच्या कडेला कोरडं पीठ धरून. अर्धा तास झाकून ठेवा आणि कणकेचा गोळा परत दाबून बघा. तडे मिटलेले असतील, बोट सहज रुतेल. पाणी एक थेंबही वाढवलेलं नाही, दिला तो फक्त वेळ.

## तर काय बदलायचं

दोनच गोष्टी: पाणी आणि वेळ.

दर १०० ग्रॅम कणकेमागे ५ ते १० मिली दूध किंवा पाणी जास्त, म्हणजे एक-दोन छोटे चमचे. वरच्या हिशोबात २०० ग्रॅमला १५ ऐवजी ३० मिली दूध. आणि पीठ कालवल्यावर निदान अर्धा तास विश्रांती, जमलं तर फ्रीजमध्ये रात्रभर.

इथे एक जागा आहे जिथे जवळजवळ प्रत्येक जण घसरतो. मीही घसरले होते. दूध वाढवलं की पीठ सुरुवातीला सैल दिसतं, बोटांना चिकटतं. हात आपोआप कणकेच्या डब्याकडे जातो आणि दोन चमचे वरून पडतात. तिथेच सगळं मुसळ केरात! ते सैल पीठ सैलच राहू द्यायचं, झाकून ठेवायचं. तासाभराने तेच पीठ आपलं आपण आळतं. फ्रीजमध्ये बटरही घट्ट होतं, मग गोळे सुरेख वळता येतात. आणि ताजं कालवलेलं पीठ हातात गोळा धरण्याइतकं घट्ट वाटत असेल, तर ते विश्रांतीनंतर कोरडं पडणार हे धरून चाला.

घाई असेल तर आणखी एक युक्ती आहे, मला ती विश्रांतीपेक्षाही आवडते. कणीक बारीक चाळणीने चाळा. वर राहिलेला कोंडा टाकू नका. पाककृतीतलं दूध गरम करून त्यात तो वीस मिनिटं भिजवा. दूध जवळपास सगळं पिऊन लापशीसारखं होतं. ते बटर-साखरेत मिसळा आणि मग चाळलेलं पीठ घाला. कोंडा आधीच तुडुंब भरलेला असल्यामुळे तो साखरेच्या वाट्याचं पाणी पळवत नाही. दाताला टोचतही नाही.

माझं प्रमाण वरचंच: २०० ग्रॅम कणीक, १२० ग्रॅम बटर, ११० ग्रॅम साखर, ३० मिली दूध, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, दोन चिमटी मीठ. बटर-साखर हलकी होईपर्यंत फेटायची, दूध, मग बाकी सगळं. १७० अंशांना १२ ते १४ मिनिटं. पंख्याचा ओव्हन असेल तर १५-२० अंश कमी. वीस कुकीज होतात.

बटरऐवजी तूप घालणार असाल तर लक्षात ठेवा, तुपात पाणी जवळपास नसतंच. १२० ग्रॅम बटरच्या जागी साधारण १०० ग्रॅम तूप आणि वर २० मिली जास्तीचं दूध. तूप थिजलेलं हवं. पातळ तुपात साखर फेटून हवा धरली जात नाही.

आणि मापं वजनाची. कपाने मोजलेलं पीठ दाबून भरलं की सैल भरलं यावर २०-३० ग्रॅम सहज इकडेतिकडे होतं. मैद्यात ते खपून जातं. कणकेत तेवढ्याने कुकीचा दगड होतो.

## "साखर कमी केली तर?"

कणकेच्या कुकीज करणाऱ्याचा दुसरा बेत हाच असतो. आधीच कणीक घेतोय, तर साखरही निम्मी करू. नेमकं इथे दोन्हीकडून हाल होतात. साखर कुकीत गोडीसाठी जेवढी असते तेवढीच रचनेसाठी असते. पाक तिचा, पसरणं तिच्यामुळे, गार झाल्यावरचा कुरकुरीतपणा तिचा. ती पाणी धरून ठेवते म्हणून स्टार्च पूर्ण फुलत नाही. एरवी भरपूर पाण्यात गव्हाचा स्टार्च ६० अंशांच्या आसपास फुलू लागतो. साखरेच्या पाकात तो टप्पा बराच वर सरकतो, आणि कुकीत बराचसा स्टार्च कच्च्या कणांच्या रूपातच राहतो. साखर निम्मी केलीत की स्टार्च जास्त फुलतो, आणि हाती येतो तो गोड चवीचा घट्ट पाव.

दहा-पंधरा टक्के कमी केली तर फारसं कळत नाही. त्याहून कमी गोड हवं असेल तर कुकीच लहान करा, हा माझा उपाय. मध किंवा गूळ घातला म्हणून साखर टळली असं होत नाही; मधाला तर जागतिक आरोग्य संघटनाही बाहेरून घातलेल्या साखरेच्याच हिशोबात धरते. चवीसाठी जरूर घाला, गूळ आणि कणीक यांचं चांगलं जमतं.

सोडा वाढवून कुकी हलकी होईल हा आणखी एक समज. खाण्याच्या सोड्याला आंबट जोडीदार लागतो. तो नसेल तरी ८० अंशांच्या वर सोडा तापून वायू सोडतो खरा, पण मागे धुण्याच्या सोड्याचा अंश उरतो आणि कुकीला साबणाची चव येते. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि त्याचा आंबट जोडीदार मोजून घातलेले असतात. तीही अर्धा चमचाच.

## रंग फसवतो

मैद्याची कुकी झाली की नाही ते रंग सांगतो. तो सोनेरी तपकिरी रंग प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या एका अभिक्रियेतून येतो. लुई-कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. साधारण १४० अंशांच्या पुढे ती जोर धरते. भाजल्याचा खमंग वासही तिचाच.

कणकेचं पीठ कच्चं असतानाच तपकिरी असतं. त्यामुळे लोक "अजून रंग आला नाही" म्हणत पाच मिनिटं जास्त ठेवतात, किंवा उलट आधीच काढतात. पहिल्यांदा करताना एक कुकी उलटून तळ बघा. तळ वरच्या भागापेक्षा दोन छटा गडद आणि कडा बोटाने दाबल्यावर घट्ट, पण मधला भाग अजून मऊ, दबणारा: झाली. "अजून मऊ आहे" म्हणून परत आत ठेवू नका. ट्रेमध्ये दहा मिनिटं गार होताना चरबी थिजते, पाक घट्ट होतो, आणि कुकी कडक होते. गरम कुकी कुरकुरीत लागेपर्यंत भाजलीत तर गार झाल्यावर ती फोडायला बत्ता लागेल.

## कडवट का लागते

दोन वेगळे कडवटपणे आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. एक कोंड्याचा स्वतःचा, अक्रोडाच्या सालीसारखा हलका तुरट. लालसर गव्हात तो जास्त, फिकट गव्हात कमी. तो वाईट नाही. मीठ नीट घातलं की दबतो. थोडी कणीक, समजा चौथा हिस्सा, मंद आचेवर कोरडीच भाजून घेतली तर तिला भाजक्या दाण्यांसारखा वास येतो. ती पूर्ण गार करून मगच बटरमध्ये घालायची, आणि भाजताना उडालेल्या ओलाव्याचा चमचाभर दुधाने हिशोब चुकता करायचा. भाजल्याने प्रथिनांची जाळं करण्याची ताकदही कमी होते, म्हणजे खुसखुशीतपणाला मदतच.

दुसरा कडवटपणा खवट तेलाचा. इथे तो अंकुर परत येतो. त्यात तेल असतं, दळल्यावर ते हवेला उघडं पडतं आणि हळूहळू खराब होतं. मैद्यात अंकुरच नाही, म्हणून मैदा महिनोन्महिने टिकतो. (गिरणीवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना तो प्रिय असण्याचं हेही एक कारण.) जुनी कणीक हुंगून बघा. जुन्या तेलासारखा, थोडा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर त्यातून कुठलीही युक्ती चांगली कुकी काढू शकत नाही. लागेल तेवढंच दळून आणणं उत्तम. जास्तीचं पीठ हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवावं.

## "पण पौष्टिक तर आहे ना?"

हा भाग काही लोकांना आवडणार नाही.

वरच्या प्रमाणात एका कुकीत १० ग्रॅम पीठ येतं. १०० ग्रॅम कणकेत साधारण पावणेअकरा ग्रॅम तंतू असतात, मैद्यात पावणेतीन. म्हणजे एका कुकीमागे तंतूंचा फरक सुमारे ०.८ ग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू हवेत असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तेवढे तंतू मिळवायला कुकी हा रस्ता धरलात तर वाटेत साखरेचा डोंगर लागतो.

उष्मांकाचं तर त्याहून मजेशीर आहे. संपूर्ण घाण्याची बेरीज केली तर बटरचे साधारण ८६०, साखरेचे ४२५, कणकेचे ६८०, दुधाचे वीसेक. दोन हजारांच्या आसपास, म्हणजे कुकीमागे जवळजवळ १००. मैदा घेतला असता तर पिठाचे ६८० ऐवजी ७३० झाले असते. कुकीमागे फरक अडीच कॅलरींचा. तेवढा तर ताटलीत सांडलेल्या चुऱ्यात जातो.

कणकेत लोह, जस्त, मॅग्नेशियम जास्त असतं हे खरं. पण कोंड्यातलं फायटिक आम्ल त्यातलं बरंचसं धरून ठेवतं. पीठ आंबवलं की ते आम्ल कमी होतं, आणि कुकीचं पीठ आपण आंबवत नाही.

रक्तातल्या साखरेचं काय? एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते याचा एक निर्देशांक असतो, शुद्ध ग्लुकोजला १०० धरून. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या पावाची सरासरी ७५ आहे आणि संपूर्ण गव्हाच्या पावाची ७४. आश्चर्य वाटतं, पण कारण साधं आहे: दाणा अख्खा असतो तेव्हा पचायला वेळ लागतो, बारीक दळला की कोंडा शेजारी असूनही स्टार्च तितकाच उघडा पडतो. तेव्हा मधुमेह असलेल्या माणसाने "कणकेची आहे" म्हणून चार कुकीज खाव्यात, याला काही आधार नाही.

मैद्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मैदा आतड्यांना चिकटून बसतो हे फिरवलं जाणारं ज्ञान खोटं आहे. तो स्टार्च आणि प्रथिनं आहे. लहान आतड्यात पचतो, शोषला जातो. त्याच्यावरचा खरा आक्षेप इतकाच की त्यात तंतू फारच थोडे. आणि ज्यांना सीलिॲक हा ग्लुटेन न सोसणारा आजार आहे त्यांच्यासाठी कणीक आणि मैदा दोन्ही सारखेच वर्ज्य. ग्लुटेन दोन्हींत आहे.

मग कणकेच्या कुकीज करायच्याच कशाला? चवीसाठी. मैद्याला स्वतःची चव जवळपास नसते, तो बटर आणि साखरेला मंच देऊन बाजूला होतो. कणीक स्वतः बोलते. भाजक्या गव्हाचा तो वास, थोडी तुरट कड, दाताखाली हलकी रवाळ पोत. दालचिनी, अक्रोड, तीळ किंवा गडद चॉकलेट यांच्यासमोर मैदा फिका पडतो. मी आता मैदा घरात असतानाही कणकेच्या करते.

विकतच्या पाकिटांबद्दल जाता जाता. समोर मोठ्या अक्षरात गहू आणि मागे घटकांच्या यादीत मैदा पहिला, असं दिसलं तर यादीवर विश्वास ठेवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात.

## कच्चं पीठ चाखू नका

पिठात अंडं नाही म्हणून बोट बुडवून चाखायला हरकत नाही, असं वाटतं. पण पीठ हाच कच्चा पदार्थ आहे. शेतातून आलेले जंतू दळण्याने मरत नाहीत. २०१६ साली अमेरिकेत ई. कोलाय या जंतूच्या एका साथीचा माग पिठापर्यंत येऊन पोचला होता. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेल्या पिठाचा मोह जास्त असतो, म्हणून सांगितलं.

## डब्यात मऊ पडल्या तर

कणकेच्या कुकीज हवेतला ओलावा पटकन ओढतात, कोंडा आणि साखर दोघेही तहानलेले. पूर्ण गार होण्याआधी डब्यात भरल्या तर त्यांचीच वाफ त्यांना नरम करते. तासभर जाळीवर राहू द्या. तरीही दोन दिवसांनी मऊ पडल्याच, तर १५० अंशांना पाच मिनिटं ठेवून परत जाळीवर गार करा. उरलेल्या पिठाचे गोळे वळून फ्रीजरमध्ये ठेवता येतात. ते न वितळवता तसेच भाजायचे, दोन मिनिटं जास्त देऊन. हे गोळे ताज्या पिठापेक्षा जास्त खमंग होतात असा माझा अनुभव आहे.